ज्योतिबाची टकटक

जनावराच्या पुढ्यात न सांगता हात घालायचा नाही, हे ज्योतिबा पोवाराला त्याच्या बापानं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे समजावून नव्हे, पाठीत वादी हाणून. ज्योतिबा तेव्हा कमरेएवढा होता. गोठ्यात शिरून त्यानं गव्हाणीत गपकन वैरण टाकली, पाड्यानं दचकून मान उडवली आणि शिंग ह्याच्या गालफडाला घासून गेलं. बाप धावत आला तो पाड्याला चुचकारत आणि पोराला हाणत.

"मुक्या जनावराला सांगून द्यावं, भाड्या! तुझ्या ताटात कुणी मागनं हात घातला तर बरं वाटंल काय तुला?"

तेव्हापासनं ज्योतिबानं गव्हाणीच्या लाकडावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं आणि मग वैरण टाकायची. निपाणीच्या खालच्या अंगाला घरोघर असं काहीतरी असतंच. कुणी जीभ वाजवतं, कुणी नाव घेऊन हाक घालतं, पोवाराच्या घरात टकटक. पुढं तो पलटणीत खेचरांवर होता, तिथं दाण्याच्या पेटीवर टकटक. लढाई संपली, पलटणीनं नारळ दिला, आणि बंगळुरात मल्लेश्वरमच्या पलीकडं एका संशोधन संस्थेत त्याला जनावरं सांभाळायचं काम लागलं. ससे, गिनीपिग, बेडकं. सशांच्या पिंजऱ्यावर टकटक. बेडकांना कळो न कळो, त्यांच्या टाकीवरही टकटक. संस्थेतली कानडी माणसं त्याला जोतप्पा म्हणायची आणि त्याच्या ह्या खोडीकडं कुणी बघायचं नाही. बघण्यासारखं त्यात होतं तरी काय?

पण टकटकीच्या आधी ठकुबाईचं सांगितलं पाहिजे.

ठकुबाई ज्योतिबाची बायको. लग्नाआधी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायची, आणि बोलायला त्या तंबाखूसारखीच तिखट. तिच्या डोक्यात सगळा मुलूख होता. कुणाच्या लग्नात कुणी कसलं लुगडं नेसवलं, कुणाच्या बारशाला गूळ कमी पडला, कुणाची म्हैस कुणाच्या उसात शिरली आणि त्यावरनं कुणाचं कुणाशी बोलणं तुटलं, सगळं तिला विचारावं. बंगळुरात आल्यावर यशवंतपुराकडच्या त्यांच्या कानडी गल्लीचंही तिनं तसंच केलं. शेजारची गौरम्मा म्हणायची, "अक्का, माझ्या नवऱ्याचं काय काय झालं ते आता तुलाच विचारायला पायजे." पोरबाळ झालं नाही. ज्योतिबाला गावाची सय आली की तो चुलीपुढं फतकल मारून बसायचा. "सांग गं कायतरी." की ती सुरू व्हायची. त्याला गावाला जायची फारशी गरजच पडली नाही. त्याचं स्वतःचं असं फार काही ध्यानात राहायचं नाही, आणि तिच्याजवळ असल्यावर त्यानं ठेवावं तरी कशाला?

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तिला ताप भरला. आधी साधा वाटला. मग ती बरळायला लागली, हातपाय ताठले. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूचा ताप आहे, जगायची नाही. ती जगली. ज्योतिबानं तिला टांग्यातनं घरी आणली, भाकरी कुस्करून दुधात घातली, ताट पुढं ठेवलं. ठकुबाईनं डोक्यावर पदर ओढला आणि खाली बघत विचारलं,

"पावणं, कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?"

ज्योतिबाला हसू आलं. चेष्टेखोर बाई, बरी झाली म्हणायची! "तुमच्याच गावचा जावई की."

"बा शेताकडं गेल्यात," ठकुबाई म्हणाली. "बसा. येतील आत्ता."

"कुणाचं जावई म्हणून इचारलं न्हाईस?"

"कुणाचं असशीला तिचं असशीला," ती आणखी पदर ओढत म्हणाली. "माझं लगीन अजून ठरलं न्हाई. माझ्यासंगं असं बोलू नगासा."

मग ज्योतिबाचं हसू गेलं.

तेव्हापासनं रोज असंच. लग्नाआधीचं तिला सगळं लख्ख, आणि त्यानंतरचं पार धुऊन गेलेलं. नवंही काही राहायचं नाही. सकाळी सांगावं, 'मी ज्योतिबा, तुझा दाल्ला,' तर ती लाजायची, चिडायची, एखाद्या दिवशी रडायची. दुपारी परत पावणं. त्यानं तिला गावच्या देवाला नेली, अंगारा लावला, कुणी सांगितलं म्हणून ब्राह्मीचा रस पाजला. रसानं हगवण लागली, बाकी काही नाही. दिवसा गौरम्मा तिच्यापाशी बसायची. संध्याकाळी ज्योतिबा दारात आला की तिचं ठरलेलं, "आज स्वल्प खाल्लं," किंवा "इवत्तू ऊटा इल्ला, जोतप्पा, आज जेवण न्हाई. तोंडच उघडलं न्हाई."

आणि ताट पुढं ठेवलं की ठकुबाई विचारायची, पावणं, कुठल्या गावचं? ज्योतिबा रोज सांगायचा. रोज तिला ते गाव माहीत असायचं. "त्या गावात माझी मावशी दिलीया," ती म्हणायची, आणि मावशीचं सगळं सांगायची. ते ऐकत जेवण व्हायचं. परक्याला सांगते तसं का होईना, सांगायची. एवढंच राहिलं होतं त्याच्या पदरात.

मुशी आली ती एकसष्ट साली.

संस्थेत निजसुरे म्हणून पुण्याकडचे साहेब होते, पद्माकर निजसुरे. मेंदूचे शास्त्रज्ञ. सशांच्या, बेडकांच्या डोक्यात तारा घालून झाल्या होत्या. आता त्यांना शार्क पाहिजे होता. मोठा माणूसखाऊ नव्हे, त्याच जातीतली बारकी मुशी, कोळी लोक कालवण करून खातात ती. कारवारहून लॉरीतनं, खाऱ्या पाण्याच्या पिंपांतनं ती आणली. घाट चढता चढता बहुतेक मेल्या. शेवटी एक राहिली, हातभर लांब, अंगावर तपकिरी पट्टे, डोळे मांजरासारखे. सिमेंटच्या टाकीत सोडली तर तळाला जाऊन भिजलेल्या गोणपाटासारखी पडली.

"मेली जणू," ज्योतिबा म्हणाला.

"मेली नाही, विचार करतेय," श्रीकांत म्हणाला. हा श्रीकांत साहेबांच्या यंत्रांवर होता. तोंडाळ पण मनानं बरा. "बंगळूर बघून तिला वाटत असेल, समुद्र कुणी पिऊन टाकला! ज्योतिबा, आता तुझ्या देशावरच्या हातात समुद्र आलाय. मीठ कालव रोज. मुरशील लोणच्यासारखा."

ज्योतिबानं मीठ कालवलं, पाणी बदललं, बांगड्याचे तुकडे केले. पहिल्या दिवशी तुकडा टाकायच्या आधी टाकीच्या कडेवर पेरानं दोनदा वाजवलं, मग टाकला. मुशीनं ढुंकून बघितलं नाही. चार-सहा दिवसांनी ती तळावरनं उठून तोंड वर करायला लागली.

एकदा साहेब टाकीपाशी उभे होते, तेव्हा ज्योतिबानं विचारलं, "हिचं काय बघणार, साहेब?"

"जुन्या पुस्तकांत लिहिलंय, मुशीच्या मेंदूचा पुढचा भाग नुसता वास घ्यायला आहे. बाकी ती ठोंब. मला वाटतं, तसं नाही. ती शिकते, आणि शिकलेलं ठेवते. कुठं ठेवते आणि ठेवताना मेंदूत काय चाललेलं असतं, ते बघायचंय."

"ठेवती म्हंजे? फडताळात ठेवल्यागत?"

"तसंच समज."

"आन् फडताळाचं दार अडकलं तर?"

साहेब हसले. "दार कुठं आहे तेच अजून कळलेलं नाही रे. ते कळलं, तर अडकलेलं दार उघडायचंही कळेल कधीतरी."

'कधीतरी' हा शब्द साहेबांनी चांगला ऐकू येईल असा म्हटला होता. ज्योतिबाच्या कानात तो शिरलाच नाही. त्यानं त्याच दिवशी साहेबांना ठकुबाईचं सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, हळहळले, आणि म्हणाले, "बघू."

हे 'बघू' ज्योतिबानं घरी नेलं. ताटापाशी बसून बायकोला सांगितलं, "साहेब बघतो म्हणाल्यात. मुशीचं झालं की तुझं."

"मला न्हाई मुशी आवडत," ठकुबाई म्हणाली. "पावणं, तुमच्याकडं खात्यात?"

मुशीची शाळा सुरू झाली. टाकीच्या एका टोकाला पाण्यात दोन फळ्या सोडलेल्या, एक पांढरी, एक काळी. साहेब आणि श्रीकांत भिंतीपलीकडच्या खोलीत यंत्रापाशी; झरोक्यातनं त्यांना फळ्या आणि पुढचं पाणी तेवढं दिसायचं. साहेब तिथनं ओरडायचे, "डावी!" म्हणजे ज्योतिबानं पांढरी फळी डावीकडं लावायची आणि चिमट्यात बांगड्याचा तुकडा धरून त्या फळीमागं वाकून बसायचं, डोकं दिसू द्यायचं नाही. मग साहेब बटण दाबणार, टाकीवर दिवा लागणार. मुशीनं पांढऱ्या फळीला नाक लावलं तर तुकडा सोडायचा. काळीला लावलं तर काही नाही. "आवाज नको, बोलणं नको, हलणं नको," साहेबांनी बजावलं होतं. ज्योतिबानं ते देवाची आण असल्यासारखं पाळलं. खोकला आला तर तोंडात धोतराचा सोगा कोंबायचा. आणि फळी लावून बसलं, तुकडा धरला, की सिमेंटच्या कडेवर पेरानं दोनदा टकटक करायचा. हा आवाज आहे असं त्याच्या मनात कधी आलंच नाही. माणूस आपला श्वास आवाजात धरतो का? पलीकडच्या खोलीत पंपाची घरघर आणि यंत्राची गुणगुण असायची. तिथं टकटक पोचायची नाही.

मुशी भराभर शिकली. साहेबांना वाटलं नव्हतं इतकी. पांढरी डावीकडं लावा, उजवीकडं लावा, ती बरोबर तिथं. महिनाभर शाळा बंद ठेवली आणि परत दिवा लावला, तरी बरोबर तिथं. साहेब टाकीभोवती नाचायचेच बाकी राहिले. "विसरली नाही, ज्योतिबा! महिनाभर ठेवलं तिनं!"

मग तिच्या डोक्यात केसासारख्या बारीक तारा बसवल्या. हाड नसतंच तिला, कूर्चा असते, सुई जाते. वरनं तार लोंबती ठेवली आणि ती यंत्राला जोडली. यंत्रावर कागद सरकायचा आणि पेना त्यावर रेघा ओढायच्या. मुशी पडून असली की रेघा संथ, वाऱ्यावरच्या गवतासारख्या. दिवा लागला की पेना थरारायच्या. आणि एक दिवस साहेबांनी ज्योतिबाला खोलीत बोलावून कागद दाखवला.

"हे बघ. दिवा इथं लागला. आणि पेना उडाल्या इथं, त्याच्या आधी. दिवा लागायच्या आधीच तिला ठाऊक आहे! ती वाट बघते. पुढचा मेंदू, बरं का. वासाचा म्हणतात तो. ही आठवण आहे, ज्योतिबा. आठवण कागदावर उतरलीय."

ज्योतिबानं त्या रेघांवरनं बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. "म्हंजे दार गावलं?"

"गावल्यासारखं वाटतंय," साहेब म्हणाले. खुशीत होते. त्या भरात त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी ज्योतिबानं घरी जाताना म्हैसूरपाक घेतला. गौरम्मालाही दिला. "दार गावलं, गौरम्मा." गौरम्माला काय कळायचं, ती म्हणाली, "सरी, सरी, बरं झालं," आणि पोरांना वाटून टाकला. ठकुबाईनं तुकडा हातात धरून विचारलं, "कुणाचं लगीन ठरलं?" "तुझं," ज्योतिबा म्हणाला. ती लाजली. त्या दिवशी तो तिला लाजू देत, बघत बसला.

ही गोष्ट इथंच थांबवता आली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी दिल्लीहून मोठे लोक मुशी बघायला येणार होते. साहेबांनी मोठा लेख लिहून ठेवला होता. हे लोक गेले की तो परदेशी धाडायचा. आणि नेमक्या त्या आठवड्यात ठकुबाई हरवली. गौरम्मा पाण्याला गेली होती तेवढ्यात ठकुबाई बापाला भाकरी न्यायला म्हणून शेताकडं निघाली. शेत निपाणीच्या खाली, आणि ही यशवंतपूरच्या रुळांतनं चाललेली. रेल्वेच्या माणसांनी धरून बसवली. ज्योतिबा पोचला तेव्हा तिचे पाय फुटलेले, तळहात सोललेले. त्याला बघून ती त्या माणसांमागं लपली. "ह्या माणसासंगं मी जायची न्हाई. ह्यो कोण?"

त्यानं तिला उचलून घरी आणली आणि कामावर चिठ्ठी धाडली, मी येत नाही.

दिल्लीचे लोक आले. ज्योतिबाच्या जागी नंजुंडा शिपाई बसला. सांगितलं होतं तसंच त्यानं सगळं केलं. फळी लावली, तुकडा धरला, गप बसला. दिवा लागला. मुशी तळाला पडून राहिली, भिजल्या गोणपाटासारखी. परत दिवा. परत पडून. एकदा उठली आणि काळ्या फळीला नाक घासून आली. पाहुणे घड्याळ बघायला लागले. एकजण हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. ते गेले.

दुसऱ्या दिवशी नंजुंडा दारात. "जोतप्पा, साहेब कळवळतोय. चल."

ज्योतिबानं ठकुबाईला गौरम्माच्या हवाली करून दाराला बाहेरनं कडी घातली आणि गेला. फळीमागं वाकून बसला. दिवा लागला, मुशी सरळ पांढरीपाशी. परत, परत. भिंतीपलीकडं आधी आनंदाचा आवाज झाला. मग काहीच झाला नाही. मग साहेब स्वतः खोलीतनं बाहेर आले आणि ज्योतिबाच्या मागं येऊन उभे राहिले. असं ते कधी उभे राहिले नव्हते.

"श्रीकांत, आता दिवा तू लाव."

ज्योतिबानं तुकडा धरला, कडेवर टकटक केली.

"हे काय केलंस?"

"कुठं काय, साहेब?"

"हात. आत्ता हातानं काय केलंस?"

"हे व्हय? काय न्हाई. सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"देतोय म्हणून. न सांगता हात घालू ने जनावराच्या पुढ्यात."

साहेबांनी वाकून टाकीच्या कडेकडं बघितलं. मग म्हणाले, "आता न वाजवता कर." ज्योतिबा गप बसला. दिवा लागला, मुशी हलली नाही. "आता काळ्या फळीपाशी जा आणि वाजव." ज्योतिबानं वाजवलं. दिवा लागलाच नव्हता, तरी मुशी उठली आणि सरळ काळ्या फळीला जाऊन नाक लावलं. खोलीत पेना उडाल्याचा खरखर आवाज आला. श्रीकांत दारात येऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याला चेष्टा सुचली नाही.

ज्योतिबाच्या ध्यानात आलं ते वेगळंच. तो फळीमागनं उठून उभा राहिला. "साहेब, म्हंजे ही मला वळखती! हिच्या ध्यानात मी हाय!"

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नव्हे, तो राग त्याला परवडला असता. "नंजुंडा," ते म्हणाले, "इकडं ये. त्याच्यासारखं वाजव."

नंजुंडानं वाजवलं. मुशी आली. तशीच आली, तितक्याच वेगानं, आणि तोंड वर केलं.

"तू नाही रे," साहेब म्हणाले. "टकटक."

लेख कुठं गेला कुणी विचारलं नाही. रेघांचे कागद श्रीकांतनं गुंडाळून कपाटावर टाकले. साहेब ज्योतिबावर एकदाही ओरडले नाहीत. एकदा फक्त जिन्यात म्हणाले, "मी एवढे महिने भिंतीपलीकडं बसलो. उठून एकदा इकडं यायला काय झालं होतं मला?" ज्योतिबाला पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण साहेब पुढं गेले होते. परत पहिल्यापासनं करा असं कुणी म्हटलं असतं तर साहेबांनी केलं असतं. संस्थेच्या वरच्या लोकांतनं तसं कुणी म्हणालं नाही. टाकी दुसऱ्या कामाला पाहिजे होती.

शेवटी मुशीचा मेंदू काढायचं ठरलं. तारा नेमक्या कुठं बसल्या होत्या, तेवढं तरी बघून ठेवावं. ज्योतिबाला तिला काढायला सांगितलं. जाळी बघून मुशी टाकीतल्या पंपाच्या नळीखाली जाऊन बसली, निघेना. नंजुंडा म्हणाला काठी घाल. ज्योतिबानं जाळी बाजूला ठेवली. गुडघ्यावर बसला आणि सवयीनं कडेवर दोनदा वाजवलं. न सांगता हात कसा घालायचा? मुशी नळीखालनं निघाली, सरळ त्याच्या हाताशी आली आणि तोंड वर केलं. जन्मात पहिल्यांदा ज्योतिबानं सांगितलं एक आणि दिलं दुसरं. दोन्ही हातांनी तिला गच्च धरून वर काढली. तिची कातडी खरखरीत, तळहात खरवडून निघाले.

मेंदू करंगळीच्या दोन पेरांएवढा निघाला. फिकट, ओला. साहेबांनी तो औषधाच्या बाटलीत सोडला.

"ह्यात कुठं ठेवलं हुतं तिनं, साहेब?"

"ठाऊक नाही, ज्योतिबा."

"आन् आमच्या मंडळींचं?"

साहेबांना आधी कळलंच नाही तो काय विचारतो ते. 'बघू' म्हटलेलं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग एकदम कळलं आणि त्यांनी बाटली खाली ठेवली. "अरे, तिचं... ते होण्यासारखं नव्हतंच कधी. मला वाटलं, तुला माहीत आहे."

वर्षभरात साहेब परदेशी गेले. ज्योतिबा परत सशांवर आला. सशांच्या पिंजऱ्यावर त्यानं टकटक सोडून दिली. पाला टाकताना ससे दचकून जाळीवर आदळायचे. तो बघत राहायचा.

घरी ठकुबाईचं खाणं सुटत चाललं होतं. रुळांवरनं आणल्यापासनं ती पुरुषमाणसाला बघून कोपऱ्यात शिरायची. ताट ठेवलं तर पाठ करायची. 'पावणं' म्हणायचंही कमी झालं. अंग नुसतं काडी झालं. गौरम्मा म्हणाली, "असं चाललं तर पावसाळा काढायची नाही अक्का."

मग ज्योतिबाला मुशी आठवली. त्याच्या मनात काय आलं ते तसं सरळ आहे. करंगळीएवढ्या मेंदूच्या जनावरानं जे ठेवलं, ते ठकीला नाही जमायचं? तिच्या डोक्यात तर एके काळी सगळा मुलूख मावला होता. मुशीनं टकटक ठेवली, खरं; पण ती मासळी होती. बाईमाणूस टकटक ठेवील, मग टकटक करणारा हात ठेवील, मग हाताचा माणूस. असं एकेक पायरीनं का होईना.

तो ताटावर दोनदा वाजवायला लागला. पितळेच्या ताटाचा आवाज सिमेंटपेक्षा खणखणीत. वाजवायचं, घास करायचा, हात लांब धरायचा, बोलायचं नाही. पहिले काही दिवस काही नाही. मग ती मान वळवायला लागली. मग एक दिवस कोपऱ्यातनं सरकत आली, ताटापाशी बसली आणि तोंड उघडलं. ज्योतिबानं इतक्या घाईनं घास पुढं केला की अर्धा तिच्या लुगड्यावर सांडला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. त्या महिन्यात अंग धरलं तिनं. गौरम्मा म्हणाली, "जोतप्पा, तू डॉक्टर झालास की!"

"आता वळखील," ज्योतिबा म्हणाला. "थांब जरा."

एका दुपारी संस्थेत पाणी नव्हतं म्हणून तो लवकर घरी आला. दार उघडं होतं. आत गौरम्मा खाली बसलेली. तिनं बोटातल्या अंगठीनं ताटावर दोनदा वाजवलं. ठकुबाई कोपऱ्यातनं सरकत आली, बसली आणि तोंड उघडलं. तशीच आली, तितक्याच वेगानं.

ज्योतिबा उंबऱ्यावर टेकला. गौरम्मा म्हणाली, "बघ, माझ्याकडनंपण खाते आता." तिला वाटलं तो खूश होईल.

संध्याकाळी गौरम्मा गेल्यावर त्यानं ताट वाढलं. भाकरी कुस्करून दुधात घातली. वाजवलं नाही. बसून राहिला. ठकुबाई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून होती. दूध थंड झालं, त्यावर साय धरली. शेवटी त्यानं वाजवलं, दोनदा. ती आली, बसली, तोंड उघडलं.

घास त्यानं हातातच धरला. "ठके, इचार की. पावणं कुठल्या गावचं म्हणून इचार."

ठकुबाईची नजर घासावर होती. घास हलला तशी ती हलली.

"तुझी मावशी दिलीया बघ त्या गावात. सांग की तिचं."

तिनं तोंड आणखी मोठं उघडलं. त्यानं घास तिच्या तोंडात घातला. ती चावायला लागली, आणि दुसऱ्या घासासाठी ताटाकडं बघत बसली.